वाऱ्याकडची शिडी

फडताळाच्या उजव्या कडेला टेकलेल्या बाटल्या खडखडत डाव्या कडेला गेल्या. डॉक्टरांनी मलमाची बरणी कशीबशी सावरली.

"जहाज वळवलं की!" तोफवाला म्हणाला. "मला कुणी सांगितलं नाही."

"मलाही नाही," नकाशेवाला म्हणाला. "मामा हल्ली मनातल्या मनातच जहाज चालवतात."

त्याचे मामा म्हणजे या लढाऊ जहाजाचे कप्तान. तोफवाला आणि नकाशेवाला हे त्यांचे दोन तरबेज अधिकारी, आणि दोघांचं विळ्याभोपळ्याचं सख्य. नुकतंच पकडलेलं शत्रूचं जहाज दोघांपैकी कुणाला मिळणार, यावर खलाशांच्या पैजा लागल्या होत्या. आज सकाळी तोफेपाशी तोफवाल्याचा तळवा भाजला, तेव्हा मात्र नकाशेवालाच त्याला फैलावर घेत खाली घेऊन आला होता.

"टेहळणीला तुझी पाळी. या हाताने चढणार तू? दुर्बीण आण इकडे."

"पडशील. तुला चढता कुठे येतं?"

डॉक्टर पट्टी घेऊन वळले, तेव्हा नकाशेवाला त्या तळव्यावर फुंकर घालत होता. तो झटकन मागे सरला, दुर्बीण गळ्यात अडकवली आणि निघून गेला.

पट्टीची गाठ बसते न बसते तोच वर कुणीतरी ओरडलं. मग डेकवर काहीतरी जड आदळलं. तोफवाल्याचा चेहरा पांढराफटक पडला.

डॉक्टर धावत वर पोचले, पण त्यांच्या करण्यासारखं काही उरलं नव्हतं. दुय्यम अधिकारी प्रेतापाशी गुडघ्यांवर बसला होता आणि नकाशेवाल्याच्या कपाळावरचे केस पुन्हा पुन्हा मागे सारत होता. तोफवाला लांबच उभा राहिला. त्याने एक पाऊलही पुढे टाकलं नाही.

डोलकाठीवर चढायला डावी-उजवीकडे दोरांच्या दोन शिड्या होत्या. टेहळणीच्या मचाणाखाली माणसाला मागे झुकून, सगळा भार एका दोरावर टाकून वर जावं लागे. उजव्या शिडीवरचा तोच दोर तुटला होता. त्याचे दोन पेड आतल्या अंगाने स्वच्छ कापलेले होते.

कप्तानांनी तोफवाल्याला सगळ्यांसमोर विचारलं.

"आज पाळी कुणाची?"

"माझी."

"आणि चढला माझा भाचा. तुमचं वैर होतं ना?"

तोफवाल्याने मान खाली घातली.

"मी बहिणीला काय तोंड दाखवू?" कप्तानांचा आवाज फाटला. "सूर्य मावळायच्या आत याला ह्याच डोलकाठीला लटकवा."

डॉक्टरांना हे पटलं नाही. न पटलेली गोष्ट गिळणं त्यांना जन्मात जमलं नव्हतं. तोफवाल्याला दोरांच्या कोठडीत डांबलं होतं, तिथे ते त्याच्यासमोर जाऊन उभे राहिले.

"तोंडात मिठाची गुळणी धरलीय का? जीव जाईल अशानं!"

"वैर नव्हतं म्हणालो, तर मग काय होतं ते विचारतील."

"काय होतं?"

तोफवाला पट्टीकडे बघत म्हणाला, "माझं प्रेम होतं त्याच्यावर, डॉक्टर. त्याचंही माझ्यावर होतं. लोकांसमोर भांडलो की कुणी संशय घेत नाही. कायद्याने आम्हा दोघांनाही फासच होता. मेलेल्याला फाशी देता येत नाही, पण जहाजाच्या पटावरून त्याचं नाव पुसतात आणि ते का पुसलं, हे त्याच्या आईला कळवतात. मला मरू द्या."

डॉक्टर बाहेर आले. डोलकाठीखाली एक खलाशी फासाचा दोर ओढून पाहत होता.

त्यांनी सुकाणूवाल्याला गाठलं. "जे घडलं ते क्रमाने सांग."

"नकाशेवाले साहेब शिडीवर दिसले. दुय्यम साहेब ओरडले, 'खाली ये!' आणि धावले. मग नकाशेवाले साहेब पडले."

"दुय्यम ओरडले, ते हा पडताना?"

"आधी ओरडले. तेव्हा नकाशेवाले साहेब चांगले चढत होते."

डॉक्टरांनी वर, दोन्ही शिड्यांकडे पाहिलं. बोटीवर नवे असताना ते हौसेने भलत्या शिडीवर चढले होते आणि सगळ्या जहाजाने त्यांना वेड्यात काढलं होतं. वारा येतो त्या बाजूच्या शिडीने चढायचं, म्हणजे वारा माणसाला दोरांवर दाबून धरतो. दुसऱ्या बाजूने तो खेचून समुद्रात टाकतो. तिकडे कुणी फिरकतसुद्धा नाही.

ऊन कलतं झालं होतं. ते कप्तानांच्या खोलीत शिरले. तिथे दुय्यम आणि हात बांधलेला तोफवाला उभे होते.

"कप्तानसाहेब, जहाज वळायच्या आधी वारा कुठून होता?"

"डावीकडून."

"म्हणजे सगळे डाव्या शिडीने चढत होते. तरी कापलेला दोर उजवीकडे. जहाज वळल्यावर वारा उजवीकडून आला, तेव्हा तोफवाला माझ्यासमोर बसला होता. माझ्या बाटल्या घसरल्या, त्याने चकित होऊन विचारलं, जहाज का वळवलं. त्याला ठाऊकच नव्हतं. दोर कापणाऱ्याला मात्र आधीच ठाऊक होतं. वळायचं तुम्ही कुणाला सांगितलं होतं?"

कप्तान हळूहळू वळले. "फक्त दुय्यमला. सकाळी, इथेच."

"पहाऱ्यावरही तेच होते. शिडाआडच्या शिडीवर त्यांना कोण बघणार? दोर तोफवाल्यासाठी कापला होता, कारण पाळी त्याची होती. अदलाबदल झाली माझ्या खोलीत, ती यांना कळली नाही. म्हणून तर हे दोर तुटायच्या आधीच ओरडले."

दुय्यमने मान खाली घातली.

"पण का?" कप्तान ओरडले.

प्रेताचे केस मागे सारणारा दुय्यमचा हात डॉक्टरांना आठवला. इथे खरं सांगून चालणार नव्हतं. "तोफवाला गेला की पकडलेलं जहाज भाच्याला मिळणार. त्याच्या हाताखाली पहिला अधिकारी म्हणून हे जाणार. बढती, दुसरं काय?"

दुय्यमने मान वर केली. त्याने डॉक्टरांकडे पाहिलं, मग तोफवाल्याकडे. एका शब्दात तो तोफवाल्याला फासावर नेऊ शकला असता.

"हो," तो म्हणाला. "बढतीसाठी."

तोफवाल्याचे हात सुटले. कप्तान खलाशांना हाक मारायला दाराबाहेर गेले, तेवढ्यात दुय्यम हलकेच बोलला. "त्याच्याबरोबर एका जहाजावर राहायचं होतं, बस. तू नसतास, तर कधीतरी त्याने माझ्याकडे पाहिलं असतं. मी जिवाच्या आकांताने ओरडलो रे."

"मीही ऐकलं," तोफवाला म्हणाला.

खलाशी दुय्यमला घेऊन गेले. डेकवर नकाशेवाल्याला समुद्रात सोडण्यासाठी शिडाच्या कापडात गुंडाळलं होतं, आणि ते शिवणारा खलाशी सुई ओवत होता. तोफवाल्याने ती त्याच्याकडून मागून घेतली. खलाशी एकमेकांकडे बघू लागले. वैऱ्याला हा कशाला शिवतोय?

"झालं गेलं," कप्तान डोळे पुसत म्हणाले. "मेल्यावर कसलं वैर? शिवू दे त्याला."

पट्टीतून रक्त झिरपत होतं. डॉक्टरांना ते दिसत होतं, तरी त्यांनी त्याला थांबवलं नाही.