उभ्यानं पाणी

पुसदच्या वाचनालयात बायकांसाठी एकच बाक होता, आणि त्या बाकावरची खिडकी वाऱ्यानं सारखी आपटायची. म्हणून कुणीतरी तिच्या फटीत एक जाडजूड पुस्तक लावून ठेवलं होतं. अमेरिकेचं राज्य कसं चालतं, तिथं निवडून आलेले लोक कायदे कसे करतात, असलं काही त्यात होतं. मराठीत होतं, तरी कुणी उघडत नव्हतं. फाल्गुनातल्या एका तापल्या दुपारी लाली तिथं गणितं सोडवत बसली असताना एक उंच पोरगा आला.

"थे पुस्तक घेऊ का, बाई?"

"घ्या. मंग खिडकी लागन."

"लागू द्या."

"मंग मी उकडून मरन."

तो जरा विचारात पडला. मग त्यानं पुस्तक ओढून काढलं, डाव्या हातानं खिडकी धरली, आणि उभ्याउभ्याच वाचायला लागला. लालीनं मान वर केली नाही... पण त्या दुपारी तिचं एकही गणित सुटलं नाही.

पोरगा महागावकडच्या तांड्यातला, नाव पूनमसिंग. पुसदच्या नव्या कॉलेजात राजकारण शिकत होता. लालीनं आडून आडून त्याचं गोतही काढून घेतलं. वेगळं निघालं. तिला हलकं वाटलं, आणि का वाटलं म्हणून स्वतःचाच राग आला.

मग रोजचंच झालं. ती मावशीकडे राहून शिकत होती. शाळा सुटली की बाकावर. तो खिडकीला टेकून वाचायचा आणि मधूनच सांगायचा—तिथली दोन सभागृहं, त्यांची भांडणं, कुणाच्या सहीवाचून कायदा कसा अडतो. लालीला त्यातलं निम्मं कळायचं. उरलेलं निम्मं ती त्याच्या तोंडाकडे बघून ऐकायची.

"हे ऐक," तो एकदा म्हणाला. "वरच्या सभेत एखाद्याले कायदा पसंत नसला, का थो बोलाले उभा राह्यते आन् बोलतच राह्यते. कोणी थांबवू शकत नाई. एकानं तर भाज्या कशा करायच्या थे सांगतलं. फक्त खाली बसाचं नाई. बसला का संपलं."

"आपल्या नसाबीत तरी दुसरं काय हाय?" लाली म्हणाली. तांड्याच्या बैठकीला ती लहानपणापासून दाराआडून बघत आली होती. "उभा माणूस बोलते. बसला, का त्या गोष्टीवर त्याले पुन्हा उठता येत नाई."

"म्हंजे आपलीच नक्कल केली म्हन त्यायनं."

"आन् तहान लागली तर?"

"पितात पानी. उभ्यानंच."

"उभ्यानं?" ती ओढणी तोंडाशी धरून हसली. "उभ्यानं तर ढोरं पितात. कसे लोक म्हनाचे हे..."

"तुह्यासाठी वेळ आली तर मीबी पीन."

तो हसत म्हणाला होता. ती मात्र हसायची थांबली.

वेळ कार्तिकात आली. लालीचा बाप लखीराम तांड्याचा नायक. पूनमसिंगनं आधी येऊन सरळ मागणी घातली होती. लखीरामनं त्याला जेवू घालून परत पाठवलं होतं. "पोरगा गोड हाय," तो बायकोला म्हणाला, "पन वावर नाई. पुस्तक पेरून उगवते का?" घाटंजीकडचा हिरासिंग ठरला. काळी जमीन, बैलजोड्या, माणूसही वाईट नव्हता. पाहुणे आले, नसाब बसली, ताटात गुळाची ढेप आली. गूळ वाटला की शब्द पक्का. आणि त्या तांड्यात दिवस मावळल्यावर गूळ फुटत नसे. तसेच परत गेलेले पाहुणे पुन्हा यायचे नाहीत, हे सगळ्यांना माहीत होतं.

लखीराम ढेपेकडे वळला, तोच मागून पूनमसिंग उभा राहिला.

"नायक, मले बोलाचं हाय."

नाही म्हणायची रीत नव्हती.

तो बोलला. दुपारभर बोलला. बैलांच्या पाठीवर मीठ वाहणाऱ्या आजे-पणज्यांबद्दल, पुसदच्या रस्त्याबद्दल, सातासमुद्रापलीकडच्या त्या सभेबद्दल. म्हातारे आधी वैतागले, मग रमले. गोवऱ्यांत बाटी कशी भाजायची ते तो सांगायला लागला, तेव्हा दाराआडच्या बायका हसल्या. "हे बाटी कधी व्हाची हो?" हिरासिंगचा मामा भावसिंग कुरकुरला. दाराआड लाली मात्र सूर्य बघत होती. तो सागाच्या शेंड्यावर आला... फांद्यांत उतरला... आता थोडाच वर होता.

आणि पूनमसिंगचा आवाज फुटला. ओठ हलत होते, शब्द घोगरे होऊन पडत होते. खोकला, पुन्हा बोलला, पुन्हा खोकला. कुणी हललं नाही.

लालीला ते बघवलं नाही. कुणी सांगितलं नव्हतं. तिनं तांब्या भरला आणि पदर सावरत सगळ्या बैठकीसमोरून त्याच्यापर्यंत गेली.

त्यानं तिच्याकडे पाहिलं. किती दिवसांनी... दोन्ही हातांनी तांब्या घेतला. आणि घरच्या लेकीनं पाणी दिल्यावर माणूस जसा बसतो, लहानपणापासून याडीनं, आईनं, जसं बसवलं होतं, तसा तो उकिडवा बसला, डोळे मिटून घटाघटा प्याला.

डोळे उघडले तेव्हा सगळे त्याच्या टेकलेल्या पायांकडे बघत होते.

"झालं बोलून, बापू?" लखीराम हळूच म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता. तेच वाईट होतं.

पूनमसिंगचा एक हात जमिनीवर टेकलेला होता, उठायला. तो तसाच राहिला. उन्हाचा शेवटचा पट्टा ढेपेवर होता; लखीरामनं ती फोडली.

लालीला रिकामा तांब्या परत देताना तो एवढंच बोलला, "तुह्यं चुकलं नाई. मले तहान लागलती."

हिरासिंगनं तिला सुखात ठेवलं. यवतमाळला कुणी जाणार असलं, की ती शाळेची पुस्तकं मागवायची. ते पुस्तक तिनं कधी मागवलं नाही. तिची थोरली चार वर्षांची झाली. उन्हातून धावत यायची आणि रांजणातून पेला बुडवून तशीच तोंडाला लावायची.

"बसून पी वो," सासू ओरडायची. "ढोरावानी काय..."

"पिऊ द्या, याडी," लाली पिठाच्या हातानं पोरीच्या कपाळावरचा घाम पुसत म्हणायची. "पिऊ द्या उभ्यानं."