जादूला ठेवलेलं नाव

लाइट गेली तेव्हा भाग्यश्री एका दगडी पुलावर उभी होती आणि समोरून आगीचा राक्षस चालून येत होता. पडदा काळाठिक्कर पडला.

"मेले मी..." तिच्या तोंडून निघून गेलं.

"न्हाई, नुसती लाइट गेलीय," प्लायवूडच्या पार्टिशनपलीकडून कुणीतरी म्हणालं. "सेव्ह केलंवतं का?"

"न्हाई ना."

"मग मेलाच म्हणायचं तुम्ही."

२००५ चा उन्हाळा, दौंड स्टेशनसमोरचं महबूबभाईंचं सायबर कॅफे. पार्टिशनवरून डोकावलेला तो सुमित – राहू गावचा, रेल्वेत नुकताच अप्रेंटिस लागलेला. शर्टावर ऑइलचे डाग, डोळे मात्र हसरे. भाग्यश्री केडगावहून शटलनं कॉम्प्युटरच्या क्लासला यायची आणि परतीच्या गाडीआधीचा तास इथं काढायची. घरच्यांना वाटायचं, पोरगी प्रॅक्टिस करते. करतच होती की... फक्त जादूची.

तो खेळच तसा होता. तयार जादू कुणी हातात देत नसे, आपली आपण बनवायची. आग घ्या, वारा घ्या, वीज मिसळा, वर मनाला येईल ते नाव ठेवा आणि किल्लेच्या किल्ले जमीनदोस्त करा. घरात आवाज चढवायची सोय नसलेल्या मुलीला आणखी काय हवं?

दोन महिने दोघं शेजारी बसून आपापले किल्ले पाडत राहिले. "वाऱ्यात एवढी आग घालू नको, तूच जळशील," तो पलीकडून सांगायचा. "तुम्ही तुमचं बघा," ती म्हणायची. त्यानं आठवड्याभरातच अगं-तुगं सुरू केलं. ती 'तुम्ही' सोडायला तयार नव्हती. "तुम्ही म्हणलीस की रिटायर झाल्यागत वाटतंय मला," असं म्हणत तो आपला अर्धा चहा पार्टिशनवरून तिच्याकडे द्यायचा. ती नको नको म्हणत प्यायची.

मग एका मंगळवारी तो की-बोर्डकडे बघत म्हणाला, "रविवारी शिरूरला जायचंय. मामाकडं."

"काय काम काढलंय?"

"मामाची पोरगी हाय... साखरपुड्याची तारीख काढायची म्हणत्यात."

"आन् तुम्ही काय म्हणलात?"

"मला कुणी विचारलंय व्हय?"

मामाची मुलगी म्हणजे हक्काची. भाच्यानं नाही म्हटलं की बहीण-भावाचं येणं-जाणं तुटतं, हे भाग्यश्रीला कुणी समजावून सांगायला नको होतं. बोलावं तर मुलीच्या जातीनं आपणहून कसं बोलायचं? केडगावात कुणकुण लागली तर क्लास बंद, शटल बंद, घराचा उंबरा बंद. आणि न बोलावं... तर रविवार काही थांबत नव्हता.

त्या दिवशी तिनं नवी जादू बनवली. आग, वारा, वीज, सगळं काठोकाठ. एकदा सोडली की शत्रू, मित्र, सोडणारा, कुणीच उरणार नाही अशी. नावाच्या चौकटीत तिनं इंग्रजी अक्षरांत लिहिलं – सुमित जाऊ नको. आपला पडदा आपल्यापुरता, बघतंय कोण? पलीकडून त्यानं विचारलं तेव्हा "लई मोठी बनवलीय" एवढंच ती म्हणाली.

शनिवारी ती आली तर महबूबभाईंनी आठही मशिनं वायरनं एकमेकांना जोडून ठेवलेली. "अब सब मिलके खेलो, पण गोंधळ नको," ते म्हणाले. कॉलेजची सहा पोरं एका बाजूला, हे दोघं दुसऱ्या. त्या सहांत बाळासो होता, केडगावचा, थेट तिच्या आळीतला. त्यानं पहिली जादू सोडली आणि आठही पडद्यांवर तांबडी अक्षरं झळकली – बाळासोचा दणका. कॅफे खिदळलं.

भाग्यश्रीनं मात्र शेजारच्या पडद्यांवर नजर फिरवली. नाव सगळ्यांना दिसतं? तिनं घाईघाईनं नाव बदलायला घेतलं, पण चालू लढाईत ते बदलता येईना. मग ती बारीकसारीक जादूंवरच लढत राहिली. किल्ल्याच्या भिंती ढासळत चालल्या.

"भाग्यश्री, ती मंगळवारची मोठी जादू सोड की," पलीकडून सुमित म्हणाला.

"नको."

"अगं, हरतोय आपण."

"हरू द्या."

त्यानं खुर्ची पार्टिशनजवळ ओढली. मग हळूच म्हणाला, "आपला शेवटचाच गेम असंल हा. हरून जाऊ व्हय?"

शेवटचा... तिचं बोट बटणावर गेलं. बाळासो दिसत होता, तिच्या वडिलांचा, आबांचा चेहरा दिसत होता. तिनं डोळे मिटले आणि बटण दाबलं.

डोळे उघडले तेव्हा आठही पडद्यांवर तेच होतं. सुमित जाऊ नको. त्याखाली किल्ला कोसळत होता, माणसं जळत होती, तीही आणि तोही. कुणी हसलं नाही. बाळासो उठून तिच्याकडे टकामका बघत राहिला. महबूबभाईंनी मेन स्विच बंद केला. "टाइम हो गया, चला, घरी चला," ते म्हणाले.

ती जवळजवळ धावतच स्टेशनच्या पुलावर चढली. मागून पावलं आली.

"थांब की. तोंडानं तुम्ही, आन् जादूत एकदम जाऊ नको?"

"चुकलं माझं. सगळ्यांना दिसतं ते ठाऊक नव्हतं."

"पण सोडायच्या आधी कळलंवतं ना? बाळासोचं दिसलं तवा?"

ती खाली रुळांकडे बघत राहिली. "कळलंवतं."

"मग?"

"मग काय... सोडली."

सुमितचं हसू ओठांवरच अडखळलं. "उद्या मी शिरूरला जाणार हाय," तो म्हणाला, आणि तिचा चेहरा उतरलेला बघून घाईनं पुढं बोलला, "फोनवर न्हाई म्हणलं तर मामा जल्मभर आईचं तोंड बघायचा न्हाई. समोर बसून सांगतो. पाया पडतो, शिव्या खातो. पण सांगतो."

"आन् त्यांनी न्हाई ऐकलं तर?"

"तर शिव्या जास्त खातो. मला बी तूच पायजे, भाग्यश्री. लई दिवस झालं... पार्टिशनच आड येत होतं."

खाली शटल लागली. बाळासो पुढच्या डब्यात चढताना तिनं पाहिलं. सुमितच्या हाताला तिची बोटं लागली न लागली, आणि ती जिना उतरून पळाली. गाडीत अर्धा तास तिच्या जिवात जीव नव्हता. त्याचं शिरूर उद्या होतं. तिचं आजच, आत्ताच.

केडगाव आलं. बाळासो सायकल-स्टँडकडे वळला आणि भाग्यश्री रुळांच्या कडेच्या पायवाटेनं धावत सुटली. आबा ओट्यावर बसले होते, आई तांदूळ निवडत होती.

"काय गं, कुत्रं लागलं का मागं?" आई म्हणाली.

"आबा, बाळासो यायच्या आत मला एक सांगायचंय," ती म्हणाली, आणि धाप लागलेली असतानाच तिनं सुमितचं नाव घेतलं.