पडून काढलेला एक्स-रे

विश्वास ठेवायचा तर ठेवा, नाहीतर सोडून द्या. पण माझी चुलतबहीण, आमची ताई, थापा मारणाऱ्यातली नाही. आणि ही गोष्ट रात्रीची नाही. मंगळवारची, भर दुपारची. इस्पितळाच्या एक्स-रे विभागातली.

ताई तिथे एक्स-रे काढते आणि मोजते. त्या दिवशी समोर तिच्याच वडिलांचा होता... म्हणजे माझ्या काकांचा.

गुरुवारी त्यांचा खुबा बदलायचा होता. कमरेचं हाड किती कललंय, त्यावर सांध्याची नवी वाटी कशी बसवायची ते ठरतं. कोन चुकला, तर सांधा निखळू शकतो.

तिथली रीत अशी, की दोघांनी वेगवेगळं मोजायचं आणि एकमेकांचा आकडा बघायचा नाही. जेवणानंतर पुन्हा मोजायचं. चारही आकडे जुळले तरच खरे.

दुसरे मोजणारे होते मास्तर. नोकरी तंत्रज्ञाची, पण सगळ्यांच्या चुका काढतात म्हणून हे नाव पडलेलं.

सकाळी ताईचा आकडा आला पाच अंश. मास्तरांचाही पाच.

जेवणानंतर तिने पुन्हा रेघ ओढली.

अकरा...

डोळे चोळून परत मोजलं.

चौदा...

"मास्तर, माझंच काहीतरी चुकतंय बहुतेक. तुम्ही बघा जरा."

मास्तरांनी चष्मा चढवला. रेघ ओढली, पुसली, पुन्हा ओढली. एक्स-रे ज्यावर लावून बघतात त्या दिव्याच्या पेटीची घरघर तेवढी चालू होती.

मग घरघर थांबली... दिवा मात्र जळतच होता.

"एकोणीस," मास्तर म्हणाले. "पोरी, हा पडून काढलाय ना?"

"मीच काढलाय."

"पडलेल्या माणसाचं हाड इतकं मागे जात नाही. हा एक्स-रेतला माणूस उठून बसतोय."

ताईने घरी फोन लावला. "आई, बाबा काय करतायत?"

"काय करणार? पडलेत. कूस बदलायचीही चोरी झालीये त्यांना."

बुधवारी नवा एक्स-रे काढला. सकाळी पाच, दुपारी पाच, दोघांचेही. तोच आकडा डॉक्टरांना दिला. शस्त्रक्रिया उत्तम झाली.

टाकून द्यायचा म्हणून ताईने जुना एक्स-रे बाहेर काढला. खिडकीच्या उजेडात धरला. टेबलाची रेघ होती. कोपऱ्यातली तारीख होती.

हाडं नव्हती...

मास्तरांनीही बघितलं. रीतीप्रमाणे, वेगळं. दोघांचं जुळलं.

काका आता ठणठणीत चालतात. गेल्या रविवारी मी त्यांच्याकडे जेवायला होतो. ताई, काकू समोर, काका माझ्या शेजारी.

पॅसेजमध्ये एक पाऊल वाजलं.

मग दुसरं... फरफटत.

मी मोजलं. घरातली सगळी माणसं टेबलाशीच होती. काकूने मान वर केली नाही. ताईने पाण्याचा पेला घट्ट धरला.

काकांनी घास ताटात परत ठेवला.

"त्याला अजून दुखतंय रे," ते हळूच म्हणाले.

त्यानंतर मी त्या घरी गेलेलो नाही. का येत नाहीस, असं ताईनेही विचारलेलं नाही.