हिरवा ब्रश कोणाचा

या रजेत डोराला मिळण्यासारखं पुष्कळ होतं. दोन वर्षं घरी, पगार चालू, आणि परतल्यावर तराल्ली नावाच्या खुसखुशीत कडबोळ्यांच्या कारखान्यातली तिची भट्टी तिच्याच नावावर. सबिनोला मात्र त्यात काडीचाही लाभ नव्हता. तो इटलीतल्या बिटोंतो नगरपालिकेचा हवालदार. नोंदवलेल्या पत्त्यावर माणूस खरंच राहतो का ते पाहायचं, सही करायची, पुढचं दार ठोठावायचं.

फेब्रुवारीत डोराची आई गेली, आणि मागे राहिला तिचा भाऊ पिनूच्चो — छत्तीस वर्षांचा, डोराहून तीन वर्षांनी मोठा. जन्मापासून त्याची समज लहान मुलाएवढी. हृदयाच्या गोळ्या, गॅस, बुटाची नाडी… सगळ्याला कुणीतरी लागायचं. अपंग भावंडासाठी रजा होती, पण कायद्याची अट एकच : दोघं एका छपराखाली हवीत. रजा नाही मिळाली तर नोकरी सोडायची, नाहीतर पिनूच्चोला फोज्जाच्या आश्रमात धाडायचं. यांतलं एकही करायचं नाही, हे डोराने आईच्या दफनाच्या दिवशीच ठरवलं. भाड्याची खोली सोडून दोन बॅगा घेऊन ती आईच्या घरी आली आणि नवा पत्ता नोंदवला.

तपासणीला सबिनो आला तेव्हा ती कारखान्यात होती. सोबतीला बसलेली शेजारीण पाव आणायला खाली उतरलेली. पिनूच्चोने साखळी न काढता दार उघडलं.

"डोरा इथे राहते का?"

"नाही," पिनूच्चो म्हणाला, आणि दार लावून घेतलं. सबिनोने 'राहत नाही' असा शेरा लिहून त्याची चिठ्ठी दाराखालून सरकवली.

दुसऱ्या दिवशी डोरा चौकीत हजर.

"माझ्या घरात मी राहत नाही, हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"तुमच्या भावाने. फार खात्रीने."

"त्याला आईने शिकवलंय. परक्याने विचारलं तर घरात कोण असतं ते सांगायचं नाही."

"पण मी गणवेशात होतो."

"गणवेशातले जास्त परके."

सबिनोने कागदावरून मान वर केली. तिच्या केसांना भट्टीतल्या बडीशेपेचा वास होता, कपाळावर पिठाचं बोट. आणि डोळे असे, की ही बाई 'राहत नाही' हा शेरा खोडल्याशिवाय खुर्चीवरून उठणार नाही.

"पुन्हा येईन," तो म्हणाला. "कधी, ते सांगता येत नाही. नियम आहे."

"या. मी कुठे पळून जातेय?"

तो गुरुवारी सकाळी सातला आला. बाहेर दक्षिणेचा गरम, चिकट वारा सुटलेला. डोराच्या डोक्याला टॉवेल, पिनूच्चोपुढे दुधाचा वाडगा. सबिनोने नियमाप्रमाणे पलंग पाहिला, सपाता पाहिल्या, न्हाणीघरातल्या ग्लासातले ब्रश पाहिले.

"लाल माझा, निळा त्याचा," डोरा म्हणाली. "ओला आहे का तेही बघा."

कान लाल करून त्याने तिथल्या तिथे सही केली.

काम संपलं होतं. तरी शनिवारी हा पुन्हा दारात.

"आता काय राहिलं?"

"टोपी… विसरलो बहुतेक."

"डोक्यावर आहे."

"हो का," सबिनो म्हणाला, आणि टोपी काढून आत येऊन बसला.

रजा मंजूर झाली. नियमाला एक फेरी पुरते. सबिनोच्या सप्टेंबरपर्यंत एकतीस झाल्या. पिनूच्चो त्याला पत्त्यांत हरवायचा आणि डोरा दोघांना वाढायची. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, ते दोघांनाही कळलं नाही.

ऑलिव्ह उतरवायच्या दिवसांत, चौकातल्या बाकावर, सबिनोने विषय काढला. मध्ये पिनूच्चो आइसक्रीम खात बसलेला.

"माझ्याकडे या. दोघंही. घर मोठं आहे, आई आहे—"

"आमच्या घरातून याला एकोणीस पायऱ्या मोजून उतरता येतं," डोरा म्हणाली. "आई गेली तेवढा बदल पुरे झाला त्याला. मी तिथून हलणार नाही."

"म्हणजे… नाही?"

"म्हणजे मी हलणार नाही. बाकीच्यांचे पाय माझ्या ताब्यात नाहीत."

सबिनो पस्तिशीचा, पण शर्टाला अजून आईची इस्त्री. तो सहा दिवस फिरकला नाही. डोराने त्या दिवसांत निरोप पाठवला नाही की हट्ट सोडला नाही. फक्त जेवण रोज तिघांचं रांधलं. सातव्या दिवशी तो आला. हातात बॅग नव्हती, नवा कोरा हिरवा ब्रश होता.

"हा… ग्लासात मावेल का?"

"जागा आहे," डोरा म्हणाली. तिने तिसरं ताट मांडलं.

नाताळाआधी लग्न झालं आणि सबिनोने नवा पत्ता नोंदवला. स्वतःची तपासणी स्वतः करता येत नाही, म्हणून चौकीतली नवी हवालदारीण आली. पिनूच्चोने साखळी न काढता दार उघडलं.

"सबिनो लोपेरफिदो इथे राहतात का?"

स्वयंपाकघरात सबिनोच्या हातातला चमचा थांबला. तो पुढे निघाला, तसा डोराने त्याचा हात धरला.

पिनूच्चोने मान वळवली. "डोरे, ही परकी आहे का?"

"तू ठरव."

त्याने तिला टोपीपासून बुटापर्यंत पाहिलं. मग साखळी काढली.

"राहतो. हिरवा ब्रश त्याचा. घोरतो."

शेवटचा हिशेब असा : डोराजवळ भाऊ राहिला आणि भट्टीही राहिली. पिनूच्चोला पत्त्यांत हमखास हरणारा माणूस मिळाला. पगार सरकारने दिला. बाकी सगळी किंमत मोजली ती सबिनोने. तो आता शर्टांना स्वतः इस्त्री करतो, आणि त्याच्या गणवेशाच्या डाव्या खांद्यावर तपकिरी त्रिकोण उमटलाय. त्याची तक्रार त्याने अजून कुठल्याही चौकीत नोंदवलेली नाही.