काढलेलं पित्ताशय

लिंबायतच्या मालतीबाईंच्या पित्ताशयात खडे होते. सोनोग्राफीत ते स्वच्छ दिसत होते. पण इस्पितळाच्या नोंदीप्रमाणे त्यांचं पित्ताशय दोन वर्षांपूर्वीच काढून टाकलेलं होतं!

"काढलेलं पुन्हा कसं काढणार, म्हणून मोफत उपचाराच्या सरकारी कार्डावर मंजुरीच मिळेना," मालतीबाई पोट दाबत म्हणाल्या. "जागृतीताई, मला तर कधी सुरी लागली नाही."

खाजगी गुप्तहेर जागृती त्यांच्या घरी खाटेपाशी बसली होती. तिचा मदतनीस योगराज दाराशी उभा होता. त्याच्या मते कोडं केव्हाच सुटलं होतं.

"इस्पितळानं खोटं ऑपरेशन दाखवलंय," तो कुजबुजला.

जागृतीनं तिकडे लक्ष दिलं नाही. "नोंदीतल्या त्या तारखेला तुम्ही कुठे होता, मालतीबाई?"

"अमळनेरला. लेकीचं बाळंतपण होतं."

"कार्डाला कुणी हात लावला नाही," नवरा चिंधा मध्येच बोलला. कार्डाचं तर अजून कुणी विचारलंच नव्हतं.

शेजारच्या खोलीत राहणारी त्याची विधवा बहीण मंदा चहा घेऊन आली आणि मालतीबाईंची पाठ चोळू लागली.

"घाबरू नका, वहिनी. ऑपरेशननंतर पोट फार दुखत नाही. खांदाच ठणकतो, तो शेकायचा."

जागृतीनं कप खाली ठेवला. "मंदाताई, तुमचं ऑपरेशन कधी झालं?"

मंदाचा हात थांबला. योगराज गोंधळून सगळ्यांकडे बघत राहिला.

"ऑपरेशन खरंच झालं, योगराज. बाई दुसरी होती," जागृती हळू आवाजात म्हणाली. "दुर्बिणीच्या ऑपरेशनात पोटात वायू भरतात, त्यानं नंतर खांदा दुखतो. पोट कापल्यावर खांदा शेकायचा, हे सोसलेल्यालाच सुचतं. मालतीबाई गावी, कार्ड घरी. आणि चिंधाभाऊ न विचारताच कार्डाचा खुलासा करतात."

"तडफडत होती हो ती," चिंधा कळवळून म्हणाला. "तिचं कार्ड नव्हतं."

"मी कबूल करते सगळं," मंदा रडू लागली. "मला शिक्षा होऊ दे, पण वहिनीला वाचवा."

मालतीबाईंनी तिला जवळ ओढलं. "इस्पितळात तुझ्या उशाशी कोण होतं गं?"

"कुणीच नाही. बायकांच्या वॉर्डात दादाला थांबू देईनात."

"आणि मला कळवलं नाहीस? मी आले नसते का?"

जागृतीनं डोळे पुसले. "नोंद मात्र आजच सुधारायला हवी. मंदाताईंचा रक्तगटसुद्धा तुमच्या नावावर चढलाय. वेळेला भलतंच रक्त चढायचं."

मालतीबाई भिंतीला धरून उठल्या.

"योगराजभाऊ, रिक्षा बोलवा. मंदा, चप्पल घाल. डॉक्टर जे काय बोलतील, ते आपण दोघी ऐकू."