आपीच्या पावलाचा ठेका

चर्चमागच्या पत्र्याच्या शेडजवळून आपी काठी टेकत चालली होती, आणि एकाएकी तिचा डावा पाय फरफटायचाच विसरला!

आत उत्सवाची तालीम रंगली होती. ओंडके कोरून केलेले ढोल घुमत होते. त्यांच्या ठेक्यावर तिचं पाऊल अलगद उचललं गेलं... पुन्हा एकदा... मग ठेका भरधाव सुटला आणि पाय अडखळला. तिने नारळाच्या झाडाला धरलं.

गेल्या वर्षी याच शेडमध्ये ती पहिल्या रांगेत नाचायची. मग स्कूटर घसरली, डोक्याला मार बसला, आणि डावा पाय जणू परक्याचा झाला.

आतले ढोल थांबले. एकच वाजत राहिला — सावकाश, तिच्यासाठी असावा तसा.

"थांबलीस का?" वाजवणारा दारात डोकावला. कानामागे पांढरं तिआरेचं फूल, डोळ्यांत खोडी.

"तुम्हालाच घाई होती."

"मग हाक मारायचीस! काठी कशाला बाळगतेस?"

"आगाऊ मुलांसाठी."

तो मनापासून हसला. त्याचं नाव तामातोआ. उत्सवापुरता मांगाइया बेटावरून इथे रारोटोंगा बेटावर आला होता.

इस्पितळात व्यायाम शिकवणाऱ्या ताईंना आपीने हे सांगितलं, तर त्या खूश झाल्या. "ठेका ऐकला की पुढचं पाऊल कधी टाकायचं, ते मेंदूला आधीच कळतं. तुझ्या चालीपेक्षा जरासंच जलद वाजवायला सांग त्याला. आणि सोबत कुणी असू दे."

मग रोज दुपार कलली की आपीची बहीण सोबत यायची, तामातोआ पालथ्या होडीवर बसायचा आणि आपी किनाऱ्याच्या वाटेने चालायची. प्रवाळावर फुटणाऱ्या लाटांची दूरची गाज, वाऱ्यावर फुलांचा वास, आणि मधोमध तो ठेका... कधी कधी तिला वाटायचं, आपण चालत नाही, कुणीतरी हलकेच झुलवतंय.

"पाय उचल, राणीसरकार!"

"उचलतेय ना! डोळे ढोलावर ठेव."

"ढोल काही इतका सुंदर नाही..."

उत्सव संपला. मांगाइयाची बोट सुटली, पण तामातोआ गेला नाही. बाजारात कुणीतरी म्हणालं, "बिचारीची दया आली असेल त्याला." ते शब्द आपीच्या मनात काट्यासारखे रुतले.

त्या दुपारी ती चाललीच नाही.

"खरं सांग, तामा. माझी दया येते तुला?"

"दया?" त्याने टिपऱ्या खाली ठेवल्या. "दया आली असती तर हळू वाजवलं असतं. रोज तुला घाम फोडतो, तुझ्या शिव्या खातो — दया आलेला माणूस असं करतो होय?" त्याचा आवाज उतरला. "बोट सोडली मी, आपी. तुला अजून कळलं नाही...?"

आपीने त्याच्या ढोलाकडे पाहिलं.

"उद्यापासून ढोल आणू नकोस," ती म्हणाली.

त्याचा चेहरा पडला. "म्हणजे... मी येऊ नको?"

"वेडा कुठला! तू तिथे वाजवत बसतोस. मग माझ्या शेजारी कोण चालणार?"

तो उठला, पण जवळ यायचं धाडस होईना. आपीनेच काठी सावरून डावा हात पुढे केला, ओठांत एक चाल गुणगुणली आणि त्या चालीवर पाऊल टाकलं. तामातोआ धावत आला आणि तिचा हात धरून शेजारी चालू लागला.

"पाऊल चुकतंय तुझं," ती हसली.

"मग... हात सोडू नकोस."