इंची आट्यांचे बोल्ट

सांगलीतली दुपार, अडीचची. शरयूचा काउंटरवरच डोळा लागत होता, तेवढ्यात कुणीतरी तिच्यापुढे एक गंजका बोल्ट ठेवला.

"असला मिळंल का? साताऱ्यात बघितलं, कराडात बघितलं... आता पाय बोलायला लागल्यात."

नऊ वर्षं वडिलांच्या नटबोल्टच्या दुकानात बसून शरयू दमली होती. विटली होती लोखंडाला, गिऱ्हाइकांना, आणि 'मुलगी दुकानात बसते?' म्हणत परत जाणाऱ्या स्थळांना. पण हा तिच्याहून दमलेला दिसला. शर्ट पाठीला चिकटलेला, आणि तरी हसत होता मेला!

वडूजचा वीरधवल. त्याचे वडील नानासो, म्हणजे त्याचे आबा, निवृत्त सुभेदार. त्यांनी लिलावात घेतलेली जुनी जीप हा पुन्हा उभी करत होता. जो तो दुकानदार हल्लीच्या मापाचे, एमएमचे बोल्ट हातात देई. ते दोन आटे आत जात नि अडकत. एकदा वैतागून यानं पाना लावून जोर केला, तर भोकातले आटेच गेले.

"जोर कशाला केलात?" शरयूनं बोल्टाला आटे मोजायची पट्टी लावली. "हा इंची आहे. जुन्या गाडीला गोडीनं घ्यावं लागतं."

"मानसांचंबी तसंच की," तो म्हणाला.

माळ्यावर डबा भरून इंची बोल्ट पडले होते. तिनं चारच काढले. "बाकीचे शोधावे लागतील... पुढच्या मंगळवारी या."

आता खोटं ते खोटंच. पण नऊ वर्षांत पहिल्यांदा तिला कुठल्या तरी वाराची वाट पाहावीशी वाटली, त्याला कोण काय करणार?

विट्याला एसटी बदलून तो तीन मंगळवार आला. दरवेळी चार बोल्ट, एक चहा.

"सगळी गिऱ्हाइकं मला ताई म्हणतात," ती एकदा म्हणाली. "तुम्ही नाही म्हणत?"

"वर्षभर फेऱ्या मारायला लावा, मारतो... पर तेवढं म्हनायला सांगू नका."

चौथ्या मंगळवारी तो बाकावर मटकन बसला. "आवं, जरा लवकर जमंल का? आबांची नजर चाललीय. डॉक्टर म्हनत्यात, फार तर म्हैना. त्यास्नी जीप चालताना एकदा बघायचीय."

शरयू उठली. तिनं माळ्यावरून डबा काढून त्याच्यापुढे ठेवला. "सगळे पहिल्या दिवसापासून होते. तुम्ही परत यावं म्हणून... मीच ठेवून घेतले."

त्यानं डब्याचं झाकण उघडून पाहिलं.

"चार आठवडं गेलं, शरयू," एवढंच म्हणाला, नि डबा उचलून निघून गेला. त्याचा चहा तसाच निवला.

पुढचा मंगळवार कोरडा गेला. त्याच्या पुढचाही. आपणच आपल्या पायावर धोंडा पाडून घेतला, म्हणून ती रडली, आणि पुन्हा वॉशर निवडत बसली.

तिसऱ्या मंगळवारी दारात हॉर्न वाजला. हिरवी जीप! वीरधवलचे डोळे जागरणानं तांबारलेले, शेजारी फेटा बांधलेले नानासो. मुलाच्या खांद्याला धरून ते सावकाश उतरले.

"राग अजून हाय," वीरधवल खाली बघत म्हणाला. "पर... तुमच्याबिगर करमंना."

शरयूनं हातातले वॉशर खाली ठेवले. तिनं म्हाताऱ्यालाच विचारलं, "जीप दिसली ना, आबा?"

नानासो काउंटरवर वाकले. डोळे बारीक करून तिच्याकडे बघत राहिले.

"जीप बघून झाली, पोरी. आता सून बघतोय... जरा उजेडात ये."